फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर क्रेन का येते? रिकव्हरी गाड्या आणि त्यांच्या चिमुकल्या मॉडेल्सची गोष्ट

५ ऑक्टोबर २०१४. जपानमधलं सुझुका सर्किट. जवळ आलेल्या वादळामुळे पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. ४२व्या फेरीत एड्रियन सुटिलची सॉबर गाडी डनलॉप नावाच्या वळणावर घसरली आणि टायरच्या भिंतीवर आदळली. सुटिल सुखरूप बाहेर आला. मार्शलनी दोन पिवळे झेंडे दाखवले आणि बंद पडलेली गाडी उचलायला ट्रॅक्टरसारखी एक क्रेन आत आली.

पुढच्याच फेरीत ज्यूल बियांकीची मारुसिया गाडी त्याच वळणावर घसरली आणि थेट त्या क्रेनच्या मागच्या बाजूला जाऊन धडकली. बियांकीच्या डोक्याला गंभीर इजा झाली. नऊ महिने तो कोमात होता. १७ जुलै २०१५ ला त्याचा मृत्यू झाला. वय फक्त २५. १९९४ मध्ये आयर्टन सेनाचा जीव गेला, त्यानंतर शर्यतीतल्या अपघातामुळे फॉर्म्युला वन ड्रायव्हरचा मृत्यू होण्याची ही पहिलीच वेळ होती.

धोका दूर करायला आलेली गाडीच सगळ्यात मोठा धोका ठरली. मग प्रश्न पडतो, की ताशी ३०० किमी वेगाने गाड्या पळत असताना क्रेन आत येतेच कशाला? ती नेमकं काय काम करते? आणि जगभरचे हौशी लोक शर्यतीच्या गाड्यांसोबत या ओबडधोबड यंत्रांचीही छोटी मॉडेल्स का बनवतात? समजून घेऊया.

रिकव्हरी गाडी म्हणजे काय?

आपल्याकडे टोइंगची गाडी म्हटलं की नो-पार्किंगमधली दुचाकी उचलून नेणारा टेम्पो डोळ्यांसमोर येतो. सर्किटवरच्या रिकव्हरी गाडीचं कामही वरवर पाहता तेच आहे. बंद पडलेली किंवा आपटलेली गाडी उचला आणि बाजूला न्या. फरक आहे तो वेळेचा. रस्त्यावर दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर चालतं. शर्यतीत प्रत्येक मिनिट हजारो प्रेक्षक, टीव्हीचं प्रक्षेपण आणि इतर सगळ्या ड्रायव्हरच्या नशिबाशी जोडलेलं असतं.

टो ट्रकचा शोध मात्र रस्त्यावरच लागला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं चॅटनूगा हे त्याचं जन्मगाव. तिथल्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याच्या मित्राची गाडी ओढ्यात पडली. दोर, लाकडी ओंडके आणि बरीच माणसं लावून ती बाहेर काढताना सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. त्यातून १९१६ मध्ये होम्सने गाडीवर बसवलेली क्रेन तयार केली. आज त्या शहरात टो ट्रकचं स्वतंत्र संग्रहालय आहे.

सर्किटवर कोणकोणत्या गाड्या असतात?

सगळ्या सर्किटवर एकच गाडी वापरली जात नाही. जागा, शर्यतीचा प्रकार आणि वळणाची रचना पाहून यंत्र ठरतं.

टेलिहँडलर: हे सगळ्यात जास्त दिसणारं यंत्र. समोरून दुर्बिणीसारखा लांब होणारा हात असलेला ट्रॅक्टरच समजा. मुळात हे शेतीचं आणि बांधकामाचं यंत्र. गवताचे गठ्ठे किंवा विटा उंचावर चढवायला ते वापरतात. मॅनिटू आणि जेसीबी ही यातली मोठी नावं. आपल्याकडे खोदकाम करणारं कुठलंही पिवळं यंत्र 'जेसीबी'च असतं, पण त्या कंपनीचा टेलिहँडलर वेगळा. त्याच्या लांब हाताचा सर्वात मोठा फायदा म्हणजे यंत्र कठड्याच्या मागे उभं राहू शकतं आणि फक्त हात पुढे करून गाडी उचलू शकतं.

उभी क्रेन: मोनॅकोत शर्यत शहराच्या रस्त्यांवर होते. रस्ते अरुंद आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. यंत्र आत आणायला जागाच नाही. म्हणून ठिकठिकाणी कठड्यामागे क्रेन उभ्या असतात आणि गाडी सरळ वरच्या वर उचलून पलीकडे ठेवली जाते. याच मोनॅकोत १९५५ मध्ये अल्बेर्तो अस्कारीची लान्चिया गाडी थेट बंदराच्या पाण्यात पडली होती. अस्कारी पोहत वर आला. गाडी नंतर पाण्यातून ओढून काढावी लागली.

फ्लॅटबेड ट्रक: सपाट पाठीचा ट्रक. सुरक्षित जागी ठेवलेली गाडी सत्र संपल्यावर पिटमध्ये परत आणायला हा लागतो.

फोर-बाय-फोर आणि पट्टा: खडीत रुतलेली गाडी ओढून काढायला छोट्या शर्यतींमध्ये हा सोपा उपाय वापरतात. त्यासाठी शर्यतीच्या गाड्यांना पुढे-मागे ओढण्याचं कडं असतं. ते भडक रंगाचं असतं आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा बाण रंगवलेला असतो. धुरात आणि गडबडीत मार्शलला ते शोधत बसावं लागू नये, हा हेतू.

टो ट्रक: अमेरिकेतल्या नॅसकारसारख्या शर्यतींमध्ये नेहमीचे टो ट्रक दिसतात. इंडीकारची तर स्वतःची सुरक्षा टीम आहे. ती प्रत्येक शर्यतीला सोबत फिरते.

गाडी उचलायची कशी?

टीव्हीवर सोपं दिसतं. पट्टा अडकवला, उचलली, नेली. प्रत्यक्षात त्यात क्रम आहे.

पहिला नियम म्हणजे आधी माणूस, मग गाडी. ड्रायव्हर बाहेर येईपर्यंत किंवा वैद्यकीय पथक त्याचा ताबा घेईपर्यंत गाडीला हात लावत नाहीत.

दुसरी गोष्ट विजेची. आजची फॉर्म्युला वन गाडी हायब्रिड आहे. तिच्या बॅटरीत जीवघेणा दाब असू शकतो. गाडीवर एक छोटा दिवा असतो. तो हिरवा असेल तर हात लावायला हरकत नाही. लाल असेल किंवा बंदच असेल तर लांब राहायचं. मार्शल जाड, विजेपासून वाचवणारे हातमोजे घालतात ते याचसाठी. ही भीती काल्पनिक नाही. २००८ मध्ये स्पेनमधल्या हेरेझ सर्किटवर चाचणी चालू असताना बीएमडब्ल्यू सॉबरच्या एका मेकॅनिकला गाडीला हात लावताच विजेचा झटका बसला होता.

तिसरी गोष्ट गिअरची. गाडी गिअरमध्ये अडकली तर ढकलता येत नाही. म्हणून बाहेरच्या बाजूला 'एन' अक्षर असलेलं बटण दिलेलं असतं. ते दाबलं की गाडी न्यूट्रल होते.

मग येतो पट्टा. ड्रायव्हरच्या डोक्यामागे जो उंच भाग दिसतो, त्याच्या आत उलटल्यावर संरक्षण देणारा मजबूत सांगाडा असतो. पट्टा त्यातून ओवला जातो. गाडी एकाच ठिकाणावरून लटकत असल्यामुळे ती गोल फिरू लागते. म्हणून एक-दोन मार्शल दोरीने किंवा हाताने ती धरून चालतात. टीव्हीवर गाडीच्या दोन्ही बाजूंनी पळणारी नारिंगी कपड्यातली माणसं दिसतात ती हीच. यातले बहुतेक जण पगारी नसतात. खेळाच्या प्रेमापोटी स्वयंसेवक म्हणून आलेले असतात.

गाडी न्यायची कुठे, हेही आधी ठरलेलं असतं. कठड्यांमध्ये मध्ये मध्ये मोकळ्या फटी ठेवलेल्या असतात. अनुभवी ड्रायव्हर गाडी बिघडली की अशी फट शोधून तिथेच थांबतो. मग क्रेन आत यायची गरजच उरत नाही.

क्रेनने उचललेला ड्रायव्हर पुन्हा शर्यतीत

या सगळ्यातला सगळ्यात अजब प्रसंग २००७ चा. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर अचानक ढगफुटीसारखा पाऊस आला. पहिल्या वळणावर अक्षरशः ओढा वाहू लागला आणि एकामागून एक गाड्या घसरत खडीत जाऊन उभ्या राहिल्या. विटान्टोनियो लिउझीची गाडी तर उलटी घसरत थेट ट्रॅक्टरपाशी जाऊन थांबली.

लुईस हॅमिल्टनचा तो पहिलाच सीझन. त्याने इंजिन बंद होऊ दिलं नाही आणि तो सीटवरून उठला नाही. क्रेनने त्याला गाडीसकट उचलून ट्रॅकवर ठेवलं आणि तो पुन्हा शर्यतीत उतरला. शेवटी नववा आला. नंतर अशी मदत घेऊन शर्यतीत परतण्यावर बंदी आली.

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रसंग वाटतो. पण लिउझीचा वेग थोडा जास्त असता तर?

एकच सर्किट, तीन इशारे

सुझुकाची गोष्ट २०१४ ला सुरू होत नाही. १९९४ च्या जपानी ग्रां प्रीतही असाच पाऊस होता. त्याच भागात एक बंद पडलेली गाडी हटवण्याचं काम चालू असताना मार्टिन ब्रंडलची मॅकलॅरेन घसरली. ट्रॅक्टर थोडक्यात हुकला, पण गाडी एका मार्शलला लागली आणि त्याचा पाय मोडला.

बरोबर वीस वर्षांनी तिथेच बियांकीचा अपघात झाला. त्यानंतर एफआयए या जागतिक संघटनेने दहा जणांची समिती नेमली. समितीच्या अहवालातले आकडे अंगावर काटा आणतात. सुमारे ७०० किलोची गाडी ताशी १२६ किमी वेगाने ६,५०० किलोच्या क्रेनवर आदळली होती. बियांकीने पिवळ्या झेंड्यांनंतर पुरेसा वेग कमी केला नव्हता, असंही समितीने नोंदवलं. क्रेनला खालून झालर लावली असती किंवा कॉकपिट बंदिस्त असता तर तो वाचला असता का? समितीचं उत्तर नकारार्थी होतं. इतक्या मोठ्या आघातापुढे असे उपाय टिकत नाहीत. खरा उपाय एकच, गाडी क्रेनपर्यंत पोहोचूच नये.

म्हणून २०१५ पासून 'व्हर्च्युअल सेफ्टी कार' आली. यात प्रत्यक्ष सेफ्टी कार बाहेर येत नाही, पण सगळ्या ड्रायव्हरना एकाच वेळी वेग कमी करावा लागतो. ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा लवकर कुणी पुढे गेला तर शिक्षा. पूर्वी पिवळा झेंडा दिसला की किती हळू जायचं हे ड्रायव्हर स्वतःच ठरवायचा. आता तो निर्णय त्याच्या हातात राहिला नाही.

तरीही ९ ऑक्टोबर २०२२ ला सुझुकात पुन्हा पाऊस, पुन्हा क्रेन. पहिल्याच फेरीत कार्लोस साइन्झची फेरारी आपटली. सेफ्टी कार बाहेर आली. त्या अपघातातला जाहिरातीचा फलक पिएर गॅसलीच्या गाडीत अडकला, म्हणून तो पिटमध्ये गेला आणि रांगेच्या मागे पडला. रांग गाठण्यासाठी तो वेगाने जात असताना पाण्याच्या फवाऱ्यातून अचानक समोर क्रेन दिसली. तो तिच्या शेजारून निसटला. रेडिओवरचा त्याचा संताप जगाने ऐकला. गॅसली आणि बियांकी एकाच देशाचे, एकमेकांना ओळखणारे. बियांकीच्या वडिलांनीही सोशल मीडियावर संताप व्यक्त केला.

यात चूक कुणाची? दोन्ही बाजू आहेत. शर्यत थांबवणारा लाल झेंडा लागल्यानंतरही गॅसली काही ठिकाणी ताशी २०० किमीच्या वर होता, त्यासाठी त्याला दंड झाला. पण हवामान बदलत असताना क्रेन पाठवायला थोडं थांबायला हवं होतं, हे एफआयएने आपल्या चौकशीत मान्य केलं. क्रेन ट्रॅकवर असेल तर त्याची सूचना संघांना लगेच देण्याचंही ठरलं.

धोका फक्त ड्रायव्हरला नाही

क्रेनची बातमी ड्रायव्हरमुळे होते. पण तिच्या सगळ्यात जवळ असतो मार्शल. जून २०१३ मध्ये मॉन्ट्रियलला कॅनडाची ग्रां प्री संपली. शर्यत पूर्ण करू न शकलेली एक सॉबर गाडी घेऊन रिकव्हरी ट्रॅक्टर परत निघाला होता. सोबत चालणारा एक मार्शल पडलेला रेडिओ उचलायला वाकला, तोल गेला आणि ट्रॅक्टरखाली आला. त्याचा मृत्यू झाला. तेव्हा ट्रॅकवर कुणीही शर्यत करत नव्हतं.

अमेरिकेत फेब्रुवारी २०१२ मध्ये डेटोना ५०० शर्यतीत वेगळंच घडलं. ट्रॅक सुकवण्यासाठी जेट इंजिन बसवलेली गाडी सेफ्टी कारच्या काळात काम करत होती. हुआन पाब्लो मोंटोयाच्या गाडीत बिघाड झाला आणि तो त्या गाडीवर जाऊन आदळला. तिच्यातल्या इंधनाने पेट घेतला आणि शर्यत सुमारे दोन तास थांबली. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. ट्रॅकवर दुसरं कुठलंही अवजड वाहन असणं म्हणजे काय, ते त्या आगीने दाखवलं.

आता वळूया छोट्या गाड्यांकडे

शर्यतीच्या गाड्यांची मॉडेल्स लाखो लोक जमवतात. पण शेल्फवर नुसत्या गाड्या मांडल्या की ते दुकानातलं कपाट दिसतं. बाजूला एक टेलिहँडलर, दोन मार्शल आणि टायरची भिंत ठेवली की शर्यत दिसते. म्हणूनच हौशी लोकांना या यंत्रांचं वेड असतं.

खेळण्यांच्या जगात टो ट्रक जुना आहे. मॅचबॉक्सच्या १ ते ७५ क्रमांकांच्या मालिकेत १३ नंबर बराच काळ टो ट्रककडेच होता. सर्किटवरचे टेलिहँडलर मात्र तयार मिळणं अवघड. म्हणून लोक ते स्वतः बनवतात.

सगळ्यात आधी ठरवायचं ते प्रमाण. समजा खरं यंत्र ६ मीटर लांब आहे. तर मॉडेल असं होईल:

- १:६४ – सुमारे ९ सेंमी. हॉट व्हील्ससारख्या छोट्या गाड्यांच्या जवळचं.
- १:४३ – सुमारे १४ सेंमी. शर्यतीच्या गाड्या जमवणाऱ्यांचं सगळ्यात आवडतं. हे विचित्र प्रमाण आलं खेळण्यातल्या रेल्वेकडून. डिंकीच्या गाड्या मुळात हॉर्न्बीच्या रेल्वेसोबत मांडायला बनवल्या जात.
- १:३२ – सुमारे १९ सेंमी.
- १:१८ – सुमारे ३३ सेंमी. देखणं, पण कपाटात जागा हवी.

यातलं १:३२ नवशिक्यांसाठी सोयीचं. कारण शेतीच्या यंत्रांची खेळणी बहुतेक याच प्रमाणात बनतात आणि १९५७ मध्ये आलेल्या स्केलेक्स्ट्रिकसारख्या विजेवर पळणाऱ्या स्लॉट कारचंही हेच प्रमाण. म्हणजे शेतकऱ्याचा टेलिहँडलर विकत घ्यायचा, पुढचा गवत उचलणारा काटा काढायचा, हुक लावायचा, छतावर पिवळा-नारिंगी दिवा बसवायचा. सर्किटचं यंत्र तयार. खऱ्या आयुष्यातही ते असंच शेतावरून आणि बांधकामावरून ट्रॅकवर आलेलं आहे.

मॉडेल खरं कशामुळे वाटतं?

रंगापेक्षा बारकावे महत्त्वाचे.

हायड्रॉलिक दांडा नेहमी चकचकीत ठेवा. तो सतत तेलात आत-बाहेर होतो, त्यामुळे तिथे गंज नसतो. गंज आणि चिखल दाखवायचा तर चाकांच्या खाचांमध्ये. तिथेही बेताने, कारण सर्किटवरची यंत्रं बहुधा नीट ठेवलेली असतात.

खडीच्या पट्ट्यात खरी खडी घालू नका. १ सेंमीचा दगड १:४३ मध्ये पाव मिलिमीटरचा होतो. म्हणजे बारीक वाळूच. चहाच्या गाळणीतून चाळलेली नदीची वाळू किंवा जाडसर रांगोळी यासाठी उत्तम. पांढऱ्या रांगोळीत थोडी राखाडी आणि मातकट मिसळली की रंगही जमतो.

पट्ट्यासाठी मास्किंग टेपची बारीक फीत पुरते. पण ती ताणलेली दिसली पाहिजे. ढिला पट्टा आणि हवेत तरंगणारी गाडी, हे सगळ्यात पटकन डोळ्यांत खुपतं. आत बारीक तार घातली की प्रश्न सुटतो.

आणि काही चुका टाळा. लटकत्या गाडीत ड्रायव्हर ठेवू नका. मार्शलचे हात उघडे रंगवू नका, त्यांना हातमोजे द्या. आणि जागा असेल तर यंत्र कठड्याच्या मागे ठेवा, हात तेवढा पुढे. खऱ्या सर्किटवर जे सुरक्षित, तेच मॉडेलमध्ये खरं दिसतं.

हातात धरून समजणारं गणित

मॉडेल बनवणाऱ्यांना एक गणित माहीत असतं. लांबी ४३ पट लहान केली की रुंदी आणि उंचीही तितकीच लहान होते. म्हणून वजन ४३ × ४३ × ४३, म्हणजे ७९,५०७ पट कमी व्हायला हवं. धातूची किंवा प्लास्टिकची मॉडेल्स प्रत्यक्षात या हिशेबाने बनत नाहीत. पण हिशेब करून बघण्यासारखा आहे.

सुझुकातली ६,५०० किलोची क्रेन १:४३ मध्ये होईल साधारण ८२ ग्रॅम. अंघोळीच्या साबणाची छोटी वडी. बियांकीची ७०० किलोची गाडी होईल जेमतेम ९ ग्रॅम. पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं.

टेबलावर साबणाची वडी ठेवा आणि नाणं जोरात सरकवून तिच्यावर मारा. वडी जवळजवळ हलत नाही. सगळा धक्का नाण्यालाच बसतो. दहा जणांच्या समितीने जे सांगितलं ते हेच. क्रेन मऊ करता येत नाही आणि गाडी जड करता येत नाही. दोघांची भेट होऊ न देणं एवढंच माणसाच्या हातात आहे. पुढच्या वेळी शर्यत ऐन रंगात असताना सेफ्टी कार आली आणि वैतागायला झालं, तर ती कुणासाठी आली आहे ते आठवा. कुठल्यातरी वळणावर एक क्रेन काम करत असेल आणि तिच्या बाजूला नारिंगी कपड्यात दोन-तीन माणसं उभी असतील.